प्रतिसाहेबाची दुसरी फेरी

सातफळे साहेब त्या दिवशी पुण्यात होते, हे अगदी खरं आहे. त्यांनी तसं समितीपुढे सांगितलं आणि मी त्यांना एकदाही खोटं पाडलं नाही. १९ मे २०३८, दुपारचे बारा, नागपूरजवळचं बुटीबोरी. माझी मुलाखत घेताना जो आवाज मला “एकट्याच या” म्हणाला, तो सातफळे साहेबांचा होता. हसणं त्यांचं होतं. बोलण्याआधी घसा खाकरायची खोडही त्यांचीच. फक्त साहेब तिथे नव्हते. आता करा तक्रार, कोणावर करता ते.

मी सुकेशनी लोणारे. आयटीआय केलं, मग डिप्लोमा, मग चार वर्षं वर्ध्याच्या एका छोट्या कारखान्यात बॅटरीचे सेल तपासले. सेल भरायचा, रिकामा करायचा, आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते मोजायचं, लबाड सेल बाजूला काढायचा. या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे मी न लाजता सांगते. वर्ध्याचा कारखाना बंद पडला, तेव्हा मी बुटीबोरीच्या कंपनीत तपासणी-प्रमुखाच्या जागेसाठी अर्ज केला. गावोगावची सौरवीज साठवायला कपाटाएवढ्या बॅटऱ्या बनवणारी ही कंपनी आमच्या भागात सगळ्यात मोठी. अर्ज करायला मला लावलं निशिगंधाने. निशिगंधा बनसोड माझी डिप्लोमाची मैत्रीण, दोन वर्षांपासून तिथेच पॅकिंगला होती. “आता माणूस नाही बसत मुलाखतीला, मशीन बसतं,” ती म्हणाली. “बिनधास्त ये.”

हे मशीन काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. कंपनीकडे वर्षाला चाळीस हजार अर्ज येतात आणि माणसं पारखणारा चांगला साहेब एखादाच असतो. सातफळे तसे होते म्हणे. मग कंपनीने त्यांचं सहा वर्षांचं बोलणं एका यंत्रात घातलं. हजारो मुलाखती. कोणत्या उत्तराला ते मान हलवायचे, कुठे थांबायचे, कोणाला पुढे बोलवायचे, कोणाला वाटेला लावायचे. यंत्र हे पाठ करत नाही. ते एकच गोष्ट शिकतं: इथपर्यंत असं असं झालं, तर हा माणूस आता पुढे काय करेल? त्याला बरंवाईट कळत नाही. त्याला एक खूण दिलेली असते. मुलाखतीतून आलेला उमेदवार कामावर रुजू झाला आणि वर्षभर टिकला, तर ती मुलाखत ‘यशस्वी’. यशस्वी मुलाखतीत साहेब जसे वागले, तसं जास्त वाग. बस, एवढंच त्याचं शास्त्र. कंपनीने त्याचं नाव ठेवलं ‘सहमुलाखतकार’. कारखान्यातली माणसं त्याला प्रतिसाहेब म्हणायची.

तर मी गेले. एक थंडगार केबिन, समोर माणसाएवढा पडदा, पडद्यावर पन्नाशीचे, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेले साहेब. पहिली चाळीस मिनिटं खरंच मजा आली. लबाड सेल कसा ओळखता, तापलेला सेल वेगळा कसा करता, हाताखालच्या माणसाने आकडे चुकवले तर काय करता. इतके नेमके प्रश्न मला आजवर कोणी विचारले नव्हते. मी मनात म्हटलं, बाई, ही जागा आपली.

मग प्रतिसाहेबाने घसा खाकरला.

“लग्न ठरलंय का तुमचं?”

“नाही. त्याचा या कामाशी काय संबंध?”

“अहो, सहज विचारलं. इतकं तापायचं नसतं. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री आहे, आत तरी थंड राहा.” तो हसला. “हे बघा, काही गोष्टी अशा पडद्यावर होत नाहीत. दुसरी फेरी आपण गेस्ट हाऊसवर ठेवू. दोन नंबरची खोली. एकट्याच या. तिथला एसी इतका छान आहे, उन्हाचा पत्ता लागत नाही.”

“दुसरी फेरी कारखान्यात घ्या. मी सेल तपासून दाखवते.”

तो पुन्हा हसला. मग म्हणाला, “जागा एक आहे, मागणाऱ्या पुष्कळ. ज्यांना गरज असते त्या येतात.”

“मग त्यांनाच बोलवा,” मी म्हटलं आणि पर्स उचलली.

बसमध्ये बसल्यावर मला आधी हसू आलं. भैताड, बिनडोक मशीन. त्याला ना अंग ना घाम, ते गेस्ट हाऊसवर येणार कसं आणि करणार काय? मग संध्याकाळी निकाल आला आणि हसू आटलं. तांत्रिक ज्ञान, शंभरपैकी एक्क्याण्णव. सहकार्य, शंभरपैकी बारा. हे मार्क एका कंपनीपुरते राहत नाहीत. आमच्या पट्ट्यातले सगळे मोठे कारखाने एकच यादी बघतात. पुढच्या पाच आठवड्यांत मी चार ठिकाणी अर्ज केले आणि चारही ठिकाणी मला केबिनपर्यंतसुद्धा कोणी बोलावलं नाही. बारा मार्कांची बाई कोणाला पाहिजे? माझ्या हातातली कला घेऊन मी जन्मभर घरी बसणार होते, कारण मी एका पडद्याला नाही म्हटलं. माझं डोकं असं फिरलं की दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं: आपण आमच्या कर्मचारी नाही, सबब आमची समिती आपली तक्रार ऐकू शकत नाही. मी कायदा वाचला. त्यात स्पष्ट लिहिलंय, बाई नोकरीत असो वा नसो. ते त्यांना पाठवलं. मग दुसरं उत्तर आलं, ते तर अजून भारी. आपण ज्यांच्याविरुद्ध तक्रार करत आहात ती व्यक्ती नाही. व्यक्ती पुण्यात होती. म्हणजे गैरवर्तन झालं, पण करणारा कोणीच नाही. वा रे वा. मी कागद उचलले आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे गेले, जिथे मालकाविरुद्ध दाद मागता येते.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी सकाळी मी निशिगंधाच्या घरी गेले. ती पोह्यांवर तर्री वाढून राहिली होती, नवरा पोरीला घेऊन बाहेर गेला होता. मी तिला सगळं सांगत होते. लग्नाचा प्रश्न, दुसरी फेरी, गेस्ट हाऊस. तिने गॅस बंद केला.

“दोन नंबरची खोली म्हणाला?”

“हाव.”

“एसीचं बोलला? उन्हाचा पत्ता लागत नाही, असं?”

एसीचं मी तिला अजून सांगितलंच नव्हतं.

मी तिच्याकडे बघत राहिले. तिने प्लेट माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः खाली बसली. “तेव्हा मशीन नव्हतं,” ती म्हणाली. “तेव्हा तोच होता.”

तिने जे सांगितलं ते सगळं मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढं लिहिते, कारण पुढे त्यावरच सगळं फिरलं. त्या गेस्ट हाऊसमध्ये वीज वाचवायला एक सोय आहे. कंपनीच्या माणसाने गळ्यातलं कार्ड भिंतीवरच्या खाचेत घातलं की खोलीतला एसी चालू होतो, काढलं की बंद. मे महिना होता तेव्हाही. निशिगंधाने उठून ते कार्ड उपटलं होतं. एसी बंद पडून दार उघडावं लागलं, तर कोणीतरी येईल असं तिला वाटलं. त्याने कार्ड परत लावलं आणि म्हणाला, इतकं तापायचं नसतं.

“मला नोकरी पाहिजे होती,” ती म्हणाली. “घेतली मी.”

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ती अशी बसली होती की हात लावायची हिंमत झाली नाही. आणि खरं सांगू, माझं अर्धं डोकं त्या कार्डात अडकलं होतं. सेल तपासणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. सेलमध्ये जे भरलंच नाही, ते त्यातून बाहेर येत नाही. मग बंद खोलीत दोन माणसांमध्ये झालेलं बोलणं प्रतिसाहेबाच्या तोंडात आलं कुठून?

“निशी, ते कार्ड आवाज टिपतं का?”

“मीटिंगचं टिपण आपोआप निघावं म्हणून सगळ्यांच्या कार्डात माइक आहे. खाचेत घातलं की चार्ज होतं आणि चालूच राहतं.” ती बोलता बोलता थांबली. तिला कळलं मी काय विचारून राहिले. तिचा चेहरा राखेसारखा झाला. “म्हणजे माझं बोलणं आहे त्यांच्याकडे.”

“आहे. आणि तुझं एकटीचं नसेल. तू माझ्यासोबत समितीपुढे चल.”

“नाई.”

“निशी, आपण जिंकू.”

“तू हरलीस तर घरी जाशील. मी हरले तर कुठे जाऊ? सासू आहे, पोरगी आहे, उद्या सकाळी सात वाजता त्याच गेटातून मला आत जायचंय.” तिचा आवाज चढला. “तुला अर्ज कर म्हणून मीच सांगितलं ना? मला वाटलं, तो गेला पुण्याला, आता मशीन आहे, सुकेशनीला काही होणार नाही. ते ओझं काय कमी आहे का माझ्या जिवाला? माझं नाव कुठे आलं तर तुझी-माझी मैत्री संपली.”

मी शब्द दिला. नाव येणार नाही. पोहे तसेच राहिले. त्या दिवसानंतर तिने माझा फोन उचलला नाही.

मंगळवारी कंपनीच्या उपाध्यक्षा कानिटकर मॅडम स्वतः मला भेटायला नागपुरात आल्या. नीटनेटक्या, गोड बोलणाऱ्या बाई. एका हॉटेलात त्यांनी माझ्यासाठी पन्हं मागवलं.

“तुमच्यावर अन्याय झाला, मला मान्य आहे,” त्या म्हणाल्या. “यंत्रात बिघाड होता. आम्ही तो दुरुस्त केला. तुमचे सहकार्याचे मार्क आजच काढून टाकू, आणि तपासणी-प्रमुखाची जागा तुमचीच. एका कागदावर सही करा, की जे झालं तो तांत्रिक बिघाड होता. हे यंत्रच आम्ही पुसून टाकतो. कायमचं. तुम्हालाही तेच हवं असणार ना?”

खोटं कशाला बोलू, सही करून टाकावीशी वाटली मला. जे पाहिजे होतं ते सगळं टेबलावर होतं. मी म्हटलं, उद्या सांगते.

घरी आईला सांगितलं. आई अंगणवाडीत तेवीस वर्षं काम करून राहिली आहे, आणि सरकारी कागदाशी तिचं जुनं वैर आहे. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं, घे म्हणेल. ती म्हणाली, “बिघाड होता न? दुरुस्त केला न त्याईनं?”

“हो म्हणतात.”

“मंग तुही सही कायले पाहिजे त्याइले? आमच्या अंगणवाडीतला वजनकाटा बिघडला, तं दुरुस्तीवाल्यानं लेकरायच्या सह्या नाही घेतल्या.”

मी तिथेच मॅडमना फोन लावला. “सही नाही करत. बिघाड नव्हता तो. तुमच्या यंत्राने त्याचं काम हुबेहूब केलं. आणि ते पुसायचं नाही, मी समितीला आजच तसं लिहून देते.”

“लोणारे, तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेताय,” मॅडम म्हणाल्या.

“माझं नुकसान मी बघते,” मी म्हटलं. आई तांदळातला खडा बाजूला टाकत गालात हसली.

सुनावणी गुरुवारी अकराला होती. अशा सुनावणीत दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही, हे एक बरं. अध्यक्षा धोटेबाई, निवृत्त प्राचार्या, केस पांढरे, नजर अशी की आपली गृहपाठाची वही आपोआप पुढे व्हावी. समोर कानिटकर मॅडम, शेजारी यंत्र बनवणारे इंजिनियर तन्मय झाडे, चाळिशीतले, आपल्या कामाचा अभिमान चेहऱ्यावर मावत नव्हता. भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याहून सातफळे साहेब, खरे. आणि शेजारच्या दुसऱ्या पडद्यावर प्रतिसाहेब. दोघांचा चष्मासुद्धा एकच.

“त्या दिवशी मी पुण्यात होतो,” खरे साहेब म्हणाले. “यंत्र काय बोललं त्याला मी जबाबदार कसा?” हे सांगण्याआधी त्यांनी घसा खाकरला.

“आणि यंत्र ही व्यक्ती नाही,” मॅडम म्हणाल्या. “अशी यंत्रं कधीकधी नसलेल्या गोष्टी रचून सांगतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गेस्ट हाऊस, खोली, हे सगळं त्याने रचलं. शंका असेल तर आता समितीसमोर विचारून बघा.”

धोटेबाईंनी मला खूण केली. मी प्रतिसाहेबासमोर बसले. तेच प्रश्न, तेच चाळीस मिनिटांचं काम, दहात उरकलं. शेवटी तो म्हणाला, “धन्यवाद, लोणारे. दुसरी फेरी कारखान्यात, तपासणी विभागात होईल. सोबत कोणाला आणायचं असल्यास आणू शकता.” लग्न नाही, खोली नाही, एसी नाही. एखाद्या मुलीकडच्या माणसासारखा सज्जन.

समितीतल्या एका सदस्याने माझ्याकडे असं बघितलं, की आता ही बाई नेमकं काय म्हणतेय. कानिटकर मॅडमनी कागद नीट रचायला घेतले.

मी झाडे साहेबांकडे वळले. “फार छान सुधारलाय हो. एका आठवड्यात केलं?”

“चार दिवसांत,” ते म्हणाले.

“चार दिवसांत? नवीन काय घातलंत त्याच्यात?”

“घालायचं काही नव्हतं. काढायचं होतं.” माणूस खूश झाला होता, सांगायच्या भरात होता. “यंत्राला दोन ठिकाणचं शिकवलेलं असतं. केबिनमधल्या मुलाखती, त्या स्वच्छ आहेत. आणि अधिकाऱ्यांच्या कार्डांतलं ध्वनिमुद्रण. गडबड त्या दुसऱ्या भागात होती. तो भाग वगळला, पुन्हा शिकवलं, आणि बघा.”

“झाडे,” मॅडम म्हणाल्या.

पण झालं होतं. मी उभी राहिले. “म्हणजे गेस्ट हाऊसचं त्याने रचलं नव्हतं. रचलं असतं, तर कार्डातला आवाज काढल्यावर गेलं नसतं. अध्यक्षबाई, मी सेल तपासते. ज्यात भरलं नाही त्यातून निघत नाही. दोन नंबरच्या खोलीतला आवाज यांच्याकडे होता. या साहेबांनी एसीसाठी कार्ड खाचेत ठेवलं, कार्ड ऐकत राहिलं, आणि कंपनीने ते ऐकलेलं यंत्राला शिकवलं. वर ‘यशस्वी’ अशी खूण करून शिकवलं, कारण त्या खोलीतून आलेल्या बाया कामावर टिकल्या. टिकल्या, कारण त्यांना जायला दुसरी जागा नव्हती.”

पुण्याच्या पडद्यावरचे साहेब पाणी पिऊन राहिले होते. ग्लास खाली ठेवायचं त्यांना भान राहिलं नाही.

“हे कार्डाचं आणि एसीचं तुम्हाला कोणी सांगितलं?” कानिटकर मॅडमनी विचारलं. आवाज गोडच होता. “आमच्या कोणा कर्मचाऱ्याने?”

“ते मी सांगणार नाही.”

“तुमच्याकडे साक्षीदार असून तुम्ही लपवताय. मग यावर विश्वास का ठेवावा?”

धोटेबाई म्हणाल्या, “लोणारे, साक्षीदार असेल तर तुमची बाजू बळकट होईल. विचार करून उत्तर द्या.”

मी विचार केला. निशिगंधाचं नाव माझ्या ओठांवर होतं, दोन शब्दांत सगळं संपलं असतं. “साक्षीदार यांच्या कपाटात आहे, बाई,” मी म्हटलं. “त्यांनीच जपून ठेवलाय. ज्या बाईला बोलायचं असेल ती बोलेल, तिला ओढत आणायचा हक्क मला नाही आणि यांनाही नाही. मला फक्त एवढं विचारायचंय, हे ध्वनिमुद्रण यंत्रात घालण्याआधी कोणी ऐकलं का नाही?”

झाडे साहेब आता खाली बघत होते. “आम्ही ऐकत नाही,” ते हळूच म्हणाले. “लाखो तास असतात. नुसतं भरतो.”

“ऐकायचं नाही, हे कोणी ठरवलं?” धोटेबाईंनी विचारलं.

झाडे साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मग कानिटकर मॅडम म्हणाल्या, “हे एका माणसाचं वैयक्तिक गैरवर्तन आहे. ते त्याच्या कामाचा भाग नव्हतं. कंपनी त्याला आजच काढून टाकेल. पण त्याच्या चुकीचं खापर कंपनीवर का?”

माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. “त्याने एका खोलीत केलं, तेव्हा तुम्ही म्हणू शकला असता की आम्हाला काय माहीत. मग तुम्ही त्याच माणसाचे शंभर साहेब केलेत आणि शंभर केबिनमध्ये बसवलेत. खुर्ची तुमची, खोली तुमची, कार्ड तुमचं, एसी तुमचा. नोकरी द्यायची का नाही ही ताकद त्याला तुम्ही दिली. त्या ताकदीशिवाय त्याला कोण विचारत होतं? मला बारा मार्क सातफळ्यांनी नाही दिले, मॅडम. त्यांना माझं नावही माहीत नाही. ते तुम्ही दिले.”

निकाल तीन आठवड्यांनी लागला. समितीने लिहिलं की मुलाखत घेणारा माणूस असो की त्याची यांत्रिक प्रत, उमेदवारासमोर तो मालकाच्या अधिकारानेच बसलेला असतो, म्हणून त्याच्या वागण्याला मालक जबाबदार. माझे बारा मार्क रद्द झाले. केबिनमध्ये बसवल्यापासूनच्या आठ महिन्यांत प्रतिसाहेबाने चारशे सहा बायांना दोन नंबरच्या खोलीत बोलावलं होतं. त्या सगळ्यांचे मार्क नव्याने ठरवायचे आणि त्यांना तसं कळवायचं. यंत्राची जुनी प्रत पुसायची नाही, सील करून समितीकडे ठेवायची. आणि कार्डांतल्या ध्वनिमुद्रणात ज्या चौदा बायांचा आवाज सापडला, त्यांना प्रत्येकीला बंद लिफाफ्यात पत्र आणि तक्रारीचा फॉर्म द्यायचा. बोलायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं. कंपनी वर अपील करणार असल्याचं कानिटकर मॅडमनी कळवलं. करा म्हटलं, वरपर्यंतचा रस्ता मलाही माहीत आहे.

माझी दुसरी फेरी तपासणी विभागात झाली, भर दुपारी, तीस कामगारांसमोर. दहा सेलांमधले तीन लबाड मी वीस मिनिटांत काढले. नोकरी मिळाली आणि मी घेतली. लोक विचारतात, त्याच कंपनीत काहून गेलीस, काही स्वाभिमान? अरे, एक्क्याण्णव मार्क माझे होते. जागा माझी होती. लाजून बाहेर राहायचं मी काय केलं होतं?

निशिगंधा दुसऱ्या शेडमध्ये होती. कँटीनमध्ये दिसायची, ताट घेऊन लांबच्या टेबलावर बसायची. मीही जवळ गेले नाही. चौदा लिफाफे गेले, त्याला महिना झाला. किती उत्तरं आली ते मला कळायचं कारण नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. एवढंच होतं की जेवताना माझी नजर तिकडे जायची.

एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने ताट आणून माझ्यासमोर ठेवलं. ताटाखाली एक लिफाफा होता, उघडलेला. चार महिन्यांनी ती माझ्याशी बोलत होती, आणि बोलली ती अशी, जणू कालच भेटलो होतो.

“‘कोणाविरुद्ध’ म्हणून फॉर्ममध्ये दोनच ओळी आहेत,” ती म्हणाली. “त्याचं नाव लिहू?”

“घरी सांगितलंस?”

“काल सांगितलं. सासू म्हणाली, मला आधीच काहून नाही सांगितलं.” तिचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. “तू ते सोड. ओळीत काय लिहू ते सांग.”

“त्याचं नाव लिही. पण आधी कंपनीचं लिही.”

“इथे बसून?”

आजूबाजूला दोनशे माणसं जेवत होती. पलीकडच्या टेबलावर साहेब लोक होते.

“इथेच बसून.”

तिने ताट बाजूला सारलं, पेन काढलं, आणि सावकाश, एकेक अक्षर नीट काढत, कंपनीचं पूर्ण नाव लिहिलं, प्रायव्हेट लिमिटेडसकट. खाली सातफळ्यांचं लिहिलं. मग कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला.

“वाच बरं,” ती म्हणाली. “बरोबर आहे ना?”

मी ते मोठ्याने वाचलं.